साथीच्या आधीं शब्द पोंचला पाहिजे

तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणाऱ्या मनुष्यास आपण हंसतों. परंतु साथीच्या रोगांच्या बाबतींत आपल्या नगरसंस्थांचें वर्तन बहुधा याच मासल्याचें असतें. साथ आली म्हणजे खाटांची, औषधांची व डॉक्टरांची धांवपळ होते; ती उशिरां का होईना, पण होते. लोकांस काय सांगावयाचें, तें कोणीं सांगावयाचें, कोणत्या वेळीं व कोणत्या भाषेंत सांगावयाचें, याचा विचार मात्र रोग दाराशीं येऊन ठेपेपर्यंत कोणी करीत नाहीं. मग जाहीरनामे निघतात ते वकिली भाषेंत, आंकडे निघतात ते दोन कचेऱ्यांचे दोन, आणि या गोंधळांत अफवा तेवढी वेळेवर, सोप्या मराठींत व घरपोंच मिळते. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, खरी वार्ता वेळेवर पोंचविणें हें नगरपालिकेच्या आरोग्यखात्यानें पाणीपुरवठ्याइतकेंच आपलें नित्यकर्तव्य मानिलें पाहिजे, व त्याची तजवीज साथ नसतांना करून ठेविली पाहिजे.

इन्फ्लुएन्झाच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेषच लागू आहे. या रोगाचा विषाणु शरीरांत शिरल्यापासून सुमारें दोन दिवसांत मनुष्य आजारी पडतो, आणि ताप दिसूं लागण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणजे नाक्यावर पहारा बसवून ही साथ अडत नाहीं. विषाणु सर्वस्वी नवा असेल तर त्यावरील लस तयार होऊन लोकांच्या हातीं पडण्यास कित्येक महिने लागतात. तोंपर्यंत आजाऱ्यानें घरीं राहणें, खोकतांना तोंडावर रुमाल धरणें, हात धुणें, खिडक्या उघड्या ठेवणें, गर्दी टाळणें, व धोक्याचें चिन्ह दिसतांच वेळ न दवडतां डॉक्टर गांठणें, हींच मुख्य साधनें उरतात. हीं सर्व साधनें लोकांच्या हातचीं आहेत, सरकारच्या हातचीं नाहींत. सरकारच्या हातीं आहे तो शब्द. आणि तो शब्द लोकांस पटला नाहीं तर बाकीचा सरंजाम लुळा पडतो.

हा धडा आपल्या प्रांतास प्रथम मिळाला तो प्लेगाच्या वेळीं. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. ऑक्टोबरांत गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण तेथें नेलेल्या माणसांचा जीव घेतला जातो अशी समजूत पसरली होती. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊं लागले. परिणाम काय झाला? लोक रोगी दडवूं लागले, व रोगापेक्षां बंदोबस्ताचीच भीति अधिक झाली. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलें, तें सर्वांस ठाऊक आहे. उलटपक्षीं, त्याच वर्षाच्या जानेवारींत डॉ. हाफकिन यांनीं आपण तयार केलेली प्लेगाची लस मुंबईस प्रथम स्वतःच्याच देहास टोंचून घेतली. एकीकडे हुकूम होता, दुसरीकडे उदाहरण होतें. लोकांच्या मनांत कोणतें अधिक खोल उतरतें हें सांगावयास नको.

पुढें १९१८ ची मानमोडी आली. जून महिन्यांत मुंबई बंदरावर पहाऱ्यास असलेले कांहीं पोलीस शिपाई तापानें आजारी पडले, व ती लाट थोड्या आठवड्यांत ओसरली. मध्यें कांहीं आठवड्यांची उसंत मिळाली होती. सप्टेंबरांत दुसरी लाट आली ती पहिलीहून कित्येक पटींनीं घातक. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मृत्यु पावलीं. साऱ्या हिंदुस्थानांत मिळून या साथीनें एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या दिवसांत औषध, दूध व धीर घेऊन चाळीचाळींतून जे फिरले, त्यांत स्वयंसेवी मंडळ्यांचा व जातिसंस्थांचा वांटा फार मोठा होता. लोकांनीं त्यांच्यासाठीं दार उघडलें, कारण ते ओळखीचे होते. जेथें ओळख आहे तेथें उपदेश पोंचतो, हें त्या वर्षानें दाखवून दिलें.

हीं उदाहरणें जुनीं म्हणून कोणी बाजूस सारील. तर २००९ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षाच्या ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनें नव्या इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ जाहीर केली होती. ३ ऑगस्ट रोजीं पुण्यांत एका शाळकरी मुलीचा या रोगानें अंत झाला. देशांतील तो पहिला बळी. त्यानंतर शहरांत जें घडलें तें अनेक वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. साध्या पडशाचीं माणसें तपासणीसाठीं नायडू रुग्णालयाच्या दाराशीं रांगा लावून उभीं राहिलीं. ज्यास रोग नव्हता त्यास तो रांगेंत मिळण्याचा संभव निर्माण झाला. तोंडावरच्या मुखपट्ट्या वाढत्या भावानें विकल्या गेल्या. शाळा व नाटकगृहें बंद झालीं. सौम्य ताप असलेल्यानें घरींच राहावें, त्यास तपासणीची गरज नाहीं. गर्भवती स्त्रिया, लहान मुलें, वृद्ध, तसेच मधुमेह, दमा व हृदयविकार असलेले यांनीं लवकर औषध घ्यावें. आणि धाप लागणें, छातींत दुखणें, थुंकींतून रक्त पडणें, ग्लानि येणें किंवा नखें निळीं पडणें, यांपैकीं कांहींही दिसतांच रुग्णालय गांठावें, अशी तीन वर्गांची विभागणी आरोग्यखात्यानें त्या साथींत केली. विभागणी उत्तम होती. परंतु जून व ऑगस्ट यांच्या मधल्या आठवड्यांत तीच चार वाक्यें घरोघर पोंचलीं असतीं, तर त्या रांगा इतक्या लांबल्या नसत्या. औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालें तर अधिक गुण देतें. म्हणून येथें उशिरां कळणें म्हणजे उशिरां बरें होणें, व क्वचित् बरें न होणेंही.

व्यापारी वाचकांस आम्ही निराळी आठवण देतों. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा निघाला, लाखों कोंबड्या माराव्या लागल्या, आणि जेथें रोगाचा मागमूस नव्हता तेथेंही अंडीं व मांस यांस गिऱ्हाईक मिळेना. नीट शिजविलेल्या अन्नांत हा विषाणु टिकत नाहीं, ही साधी गोष्ट लोकांच्या कानीं वेळेवर पडली नाहीं. १४ वर्षांनीं, २०२० च्या प्रारंभीं, कोंबडी खाल्ल्यानें कोरोना होतो ही निराधार वावडी उठली व हाच धंदा पुन्हां कोसळला. त्याच वर्षीं १४ एप्रिलला, टाळेबंदी वाढल्याच्या दिवशीं, गांवीं जाण्यास गाड्या सुटणार या अफवेनें वांद्र्याच्या स्थानकाबाहेर हजारों मजूर जमले. अफवेचें बिल कोणा एकाच्या नांवें येत नाहीं. तें साऱ्या बाजारपेठेस भरावें लागतें.

मग करावें काय? जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं या विषयाचीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. विश्वास, लवकर जाहीर करणें, उघडेपणा, लोकांचें ऐकणें व पूर्वतयारी, अशीं तीं पांच तत्त्वें आहेत. तीं आपल्या शहरांत प्रत्यक्ष कशीं उतरावींत याविषयीं आमच्या सूचना अशा आहेत.

पहिली सूचना ही कीं, साथीच्या काळांत रोज एका ठराविक वेळीं आरोग्याधिकाऱ्यानें स्वतः निवेदन द्यावें. तें पुढाऱ्यांनीं देऊं नये व चार जणांनीं मिळूनही देऊं नये. सांगण्यासारखें विशेष नसेल त्या दिवशींही तें निघालेंच पाहिजे, कारण एक दिवसाचें मौन दहा तर्कांस जन्म देतें. निवेदनाचे तीन भाग असावेत: आम्हांस काय कळलें आहे, काय अद्याप कळलें नाहीं, व आज आपण काय करावें. सूचना बदलावी लागली तर “काल असें सांगितलें होतें, आज या कारणासाठीं बदलतों” असें मोकळ्या मनानें म्हणावें. चूक कबूल केल्यानें अधिकाऱ्याची अब्रू जात नाहीं. चूक झांकून ती उघडकीस आली म्हणजे जाते.

दुसरी सूचना भाषेची. सोलापुरांत तेलुगु व कानडी, मालेगांव व भिवंडींत उर्दू बोलणारे हजारों नागरिक आहेत. त्यांस मराठी किंवा इंग्रजी पत्रक देऊन कर्तव्य संपत नाहीं. मराठींतील मजकूरही असा असावा कीं, चौथी शिकलेल्या माणसास तो एका वाचनांत कळावा. छापण्यापूर्वीं तो भाजीवाली, हमाल, शिपाई अशा पांच जणांस वाचून दाखवावा व त्यांस काय समजलें तें विचारावें. या परीक्षेस खर्च कांहीं नाहीं, आणि पंडितांच्या दहा बैठकींनीं जें साधत नाहीं तें तीनें साधतें.

तिसरी सूचना मार्गाची. आज बहुतेकांच्या खिशांत मोबाईल आहे हें खरें. परंतु त्याच मोबाईलवर अफवाही येते, व दोघींचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून ओळखीच्या माणसांच्या तोंडून वार्ता गेली पाहिजे. आशाताई, परिचारिका, बचतगटांतील स्त्रिया, गणेशमंडळांचे कार्यकर्ते, मंदिर व मशिदींचे विश्वस्त, शिधावांटप दुकानदार व औषधविक्रेते यांची विभागवार यादी आजच करावी. अनेक शहरांतून रोज सकाळीं घंटागाडी गल्लोगल्ली फिरते, व तिच्यावरील ध्वनिक्षेपक घरांतल्या आजीसही ऐकूं जातो. इतकें उत्तम साधन आयतें असतां तें केवळ कचऱ्यासाठीं राखून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. आणि कोणतीही नवी सूचना वर्तमानपत्रांत येण्यापूर्वीं शहरांतील प्रत्येक खाजगी डॉक्टराच्या हातीं पडलीच पाहिजे. रोगी पहिला प्रश्न आपल्या घरच्या डॉक्टरास विचारतो. तेथें उत्तर मिळालें नाहीं तर पुढचें सर्व व्यर्थ आहे.

चौथी सूचना ऐकण्याची. मदतीच्या दूरध्वनीवर आलेले प्रश्न वहींत टिपावेत, संध्याकाळीं ते चाळावेत, व दुसऱ्या दिवशींच्या निवेदनांत त्यांचीं उत्तरें द्यावींत. कोणती अफवा कोणत्या पेठेंत फिरत आहे हें त्या वहीवरून कळेल. २०२० सालीं मुंबई महानगरपालिकेनें आपल्या २४ विभागांत स्वतंत्र नियंत्रणकक्ष उघडले, व खाटेसाठीं कोठें विचारावयाचें हें नागरिकास आपल्याच विभागांत कळूं लागलें. मध्यवर्ती कचेरीपेक्षां जवळची खिडकी बरी, हा त्यांतला बोध आहे.

पांचवी सूचना पेठेसंबंधीं. दुकानें बंद ठेवावयाचीं असतील तर त्याचें कारण, मुदत, व मुदत वाढण्याचा संभव, या तिन्ही गोष्टी व्यापारीमंडळास आगाऊ कळवाव्यात. रात्रीं हुकूम व सकाळीं अंमल, या रीतीनें नाशवंत माल कुजतो, भाव चढतात व गिऱ्हाइकांची झुंबड उडते. म्हणजे जी गर्दी टाळावयाची तीच घडून येते.

या सर्वांची रंगीत तालीम दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व्हावी. पावसाळा हा आपल्याकडे इन्फ्लुएन्झाचा एक हंगाम आहे, व वारी, दहीहंडी, गणेशोत्सव हेही याच दिवसांत येतात. निवेदन कोण देणार, तो आजारी पडला तर कोण, पत्रकें कोठें छापणार, भाषांतर कोण करणार, हें सारें नांवनिशीवार लिहून ठेविलेलें असावें.

यावर दोन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, खरें सांगितलें तर लोक घाबरतील. आमचा अनुभव उलट आहे. लोक घाबरतात ते अंधारांत. ज्यास संकट किती व उपाय कोणता हें कळलें, तो घाबरण्याऐवजीं कामास लागतो. दुसरा आक्षेप पैशाचा. परंतु वरील सूचनांत नवी इमारत नाहीं कीं नवें खातें नाहीं. आहेत ती माणसें व आहे ती घंटागाडी, यांस आधीं ठरविलेलें काम द्यावयाचें आहे. शहाणपणास लागणारा खर्च टाळून जो खर्च वांचतो, तो पुढें स्मशानांत मोजावा लागतो.

नागरिकांचेंही एक कर्तव्य आहे. हातीं आलेली वार्ता पुढें ढकलण्यापूर्वीं ती कोणाची, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. आणि घरांत ताप आला तर तो शेजाऱ्यापासून लपवूं नये, व शेजाऱ्यानेंही त्यास वाळींत टाकूं नये. प्लेगाच्या काळीं रोगी दडवावे लागले, कारण सांगण्यांत धोका होता. ज्या शहरांत सांगणें सुरक्षित आहे तेथेंच साथ लवकर सांपडते.

पुढली साथ केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. ती येईल याविषयीं मात्र शास्त्रज्ञांत दुमत नाहीं. आपल्या नगरसेवकास या आठवड्यांत भेटून प्रत्येक वाचकानें एवढेंच विचारावें: उद्यां साथ आली तर आमच्या गल्लींत पहिला शब्द कोण, केव्हां व कसा पोंचविणार? उत्तर तयार असेल तर त्याचें अभिनंदन करावें. नसेल, तर तें तयार करवून घेण्याइतका वेळ आज आपल्या हातीं आहे.