पोटातल्या जंतांचा छातीतला खोकला

‘मूल झोपेत दात खातं, म्हणजे जंत झाले असणार ना?’ शाळा-अंगणवाड्यांत जंताच्या गोळ्या वाटायची वेळ आली, की वाचकांचा हा प्रश्न येतोच. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. जंत नसलेली मुलंही दात खातात. मात्र ज्या लक्षणामुळे जंतांची शंकाही येत नाही, ते त्यांचं असू शकतं: कोरडा खोकला आणि छातीतली घरघर.

गोल जंताची अंडी मातीच्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. आतड्यात अळी बाहेर पडते, पण तिथे थांबत नाही. आतड्याची भिंत भेदून ती रक्तावाटे यकृतात, हृदयात आणि पुढे फुप्फुसात पोचते. तिथे काही दिवस वाढून घशापर्यंत चढते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येते. दारापर्यंत आलेल्या पाहुण्याने साऱ्या गावाला वळसा घालून त्याच दारात यावं, तसा हा प्रवास!

माणसाच्या शरीरात हे घडताना दाखवलं शिमेसु कोइनो या जपानी डॉक्टरांनी. १९२२ मध्ये त्यांनी या जंताची २००० अंडी स्वतः गिळली. न्यूमोनियासारखा आजार झाला आणि थुंकीत अळ्या सापडल्या. १९३२ मध्ये झुरिकच्या विल्हेल्म लोफ्लर यांनी एक्स-रेमध्ये उमटून विरून जाणाऱ्या सावल्यांचं आणि रक्तातल्या वाढलेल्या इओसिनोफिल पेशींचं वर्णन केलं. आजाराला लोफ्लर यांचं नाव मिळालं. ते वर्णन मोलाचं आहेच. पण ज्याने आजार स्वतःच्या अंगावर घेतला, त्या कोइनोंचं नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसावं, हा अन्याय आहे.

अळ्या फुप्फुसात असताना शौचाच्या तपासणीत अंडी दिसत नाहीत. संसर्गानंतर ती दिसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना मुलाच्या माती खाण्याबद्दल जरूर सांगा.

पुढे मादी रोज सुमारे दोन लाख अंडी घालते. जंत फार झाले तर त्यांच्या गुंत्याने आतडं तुंबतं. एखादा पित्तनलिकेत शिरतो, तर तापात एखादा नाका-तोंडातूनही बाहेर येतो. गोळीने मोठे जंत जातात. पण माती तीच राहिली तर संसर्ग पुन्हा होतो. गोळी चुकवू नका, हात साबणाने धुवायला लावा. आणि पोट फुगलं, हिरवट उलट्या होऊ लागल्या, तर घरी औषध देत न बसता मुलाला तडक दवाखान्यात न्या.