पार्सलवाल्याचं घड्याळ आणि कंपनीचे नियम

भिवंडीच्या गोदामांतून निघालेला माल ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाटप केंद्रांवर येतो. तिथून पुढचा टप्पा बाइकवाल्याचा. अनेकांना मोबदला तासावर नाही, पार्सलमागे मिळतो. म्हणून प्रत्येक नियमाला लागणारा वेळ त्यांच्याच खिशातून जातो.

तरी सगळे नियम वेळखाऊ नसतात. निघण्यापूर्वी पार्सलं उलट क्रमाने भरायची, म्हणजे शेवटचं घर तळाशी, पहिलं वर. घाईत हे टाळलं की प्रत्येक दारात पिशवी उपसावी लागते. डोंबिवलीत रेल्वेची पूर्व आणि पश्चिम बाजू एका फेरीत एकत्र करू नयेत. कोपर किंवा ठाकुर्लीच्या पुलावरचा एक जादा फेरा सकाळची कमाई खातो. अमेरिकेत यूपीएस कंपनी समोरची वाहतूक ओलांडणारी वळणं शक्य तिथे टाळते. तिथे ती डावी, आपल्याकडे उजवी. घोडबंदर रोडवर हे तत्त्व चांगलंच लागू पडतं.

खरी ओढाताण ओटीपीची. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीखाली उभं राहून फोनवरच ओटीपी मागायचा आणि पार्सल वॉचमनकडे ठेवायचं, हा मोह मोठा. पण ओटीपी पडला की नोंदीत वस्तू पोहोचलेली असते. ती हरवली तर जाब डिलिव्हरीवाल्यालाच विचारला जातो. इथे जिना चढणंच शहाणपणाचं. तो वेळ वाचवायचा असेल तर ग्राहकाला दोन घरं आधी फोन करावा. आणि आपण ग्राहकांनीही पहिल्या रिंगला तो उचलावा.