वेग उतरला, धार नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातलं हार्डकोअर पंक त्रिकूट हस्कर डू. १९८२च्या ‘लँड स्पीड रेकॉर्ड’मध्ये त्यांनी १७ गाणी जेमतेम २६ मिनिटांत उरकली होती. वॉर्नर ब्रदर्स या रेकॉर्ड कंपनीच्या ‘कँडी ॲपल ग्रे’ अल्बममध्ये (१९८६) गिटारवादक-गायक बॉब मोल्ड पहिल्याच ‘क्रिस्टल’मध्ये घसा फोडून ओरडतो खरा, पण पुढे चक्क अकूस्टिक गिटार घेऊन बसतो. ‘हार्डली गेटिंग ओव्हर इट’ तर सहा मिनिटं चालतं. ड्रमर ग्रँट हार्टच्या एका गाण्यात पियानोही आहे. कंपनीने पोरांना बिघडवलं, ही ओरड पटत नाही. निर्मिती मोल्ड-हार्ट यांचीच होती, आणि चालीची ओढ आधीच्या अल्बमांतही दिसते. बिलबोर्डच्या यादीत अल्बम १४०व्या क्रमांकापर्यंतच पोचला. आणखी एक दुहेरी अल्बम काढून १९८८च्या सुरुवातीला बँड फुटला.