ताप म्हटला की डेंग्यूच का?

मुळशी तालुक्यात पावसाळ्याची दोन रूपं दिसतात. ताम्हिणीच्या बाजूला तो कोसळतो आणि भातखाचरं जुलैभर चिखलात बुडलेली असतात. हिंजवडी-माणकडे तो बांधकामावरच्या पिंपांत आणि लिफ्टच्या खड्ड्यांत साठून राहतो. मात्र दोन्हीकडच्या तापाला लोक नाव एकच देतात, डेंग्यू. पौडच्या बाजारात असो वा हिंजवडीतल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर, कुणी आजारी पडलं की पहिला प्रश्न येतो, ‘प्लेटलेट्स किती?’

यातली विसंगती अशी, की डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध आजही उपलब्ध नाही. त्याच पावसात येणारे लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस मात्र डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त गोळीने बरे होतात. अट एकच, वेळेत कुणाला तरी त्यांचा संशय यायला हवा.

‘लेप्टो म्हणजे मुंबईच्या पुराचा आजार’

२६ जुलै २००५च्या पुरानंतर लेप्टो हे नाव घरोघरी पोचलं आणि ते मुंबईलाच चिकटून राहिलं. पण हा आजार देणाऱ्या जिवाणूला पूर लागत नाही. उंदीर, गाई-म्हशी, कुत्री, डुकरं यांच्या लघवीतून तो पाण्यात आणि ओल्या मातीत उतरतो आणि कातडीवरच्या जखमेतून, भेगांतून किंवा डोळ्यांतून माणसाच्या शरीरात शिरतो. बांधावर उंदरांची बिळं, शेजारी गोठा, खाचरात साचलेलं पाणी आणि लावणी करणाऱ्यांच्या पायाच्या बोटांत पडलेल्या चिखल्या, म्हणजे त्याला हवं ते सगळं एकाच शेतात हजर. नुसते उंदीर मारूनही भागत नाही, कारण बाधित गाय-म्हैस आजारी न दिसताही लघवीतून जिवाणू सोडत असते.

लागण झाल्यावर ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. तोवर लावणी उरकलेली असते आणि दवाखान्यात शेताचा विषयही निघत नाही. जोराचा ताप, डोकेदुखी, चिपडं न येता लाल झालेले डोळे आणि हात लावला तरी दुखणाऱ्या पोटऱ्या, ही लक्षणं एकत्र दिसली तर लेप्टोचा विचार व्हायलाच हवा. दुखणं चिघळलं तर कावीळ होते, लघवी कमी होते, फुप्फुसात रक्तस्रावही होऊ शकतो.

‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे लेप्टो नाही’ हा त्याहून घातक समज. नेहमीची चाचणी रक्तातली प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायलाच साधारण आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्ह रिपोर्टवरून लेप्टो नाही असं ठरवता येत नाही. म्हणून जाणते डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता संशयावरूनच औषध सुरू करतात. हा संशय येण्यासाठी रुग्णाने एक वाक्य सांगायला हवं, ‘मी दोन आठवड्यांपूर्वी लावणीला गेलो होतो.’

उलट टोकाचा गैरसमज प्रतिबंधक गोळीबद्दल आहे. अंदमानात पावसाळ्यानंतर येणारा, फुप्फुसातून रक्त पडणारा एक ताप सुरुवातीला ‘अंदमान हेमरेजिक फीवर’ म्हणून ओळखला जाई. तो लेप्टोच आहे हे पुढे संशोधनातून निष्पन्न झालं. तिथेच आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देऊन चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. गोळी घेणाऱ्यांमध्ये आजारी पडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण संसर्ग होण्याच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे गोळी घेतली म्हणून उघड्या जखमेने चिखलात उतरावं, असं नाही. गमबूट घाला असं पत्रकात लिहिणं सोपं असतं. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, हे पत्रक लिहिणाऱ्याला माहीत नसावं. जखम झाकणं, बांधावर आल्यावर साबणाने पाय धुणं आणि ताप आला की त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणं, एवढं तरी जमण्यासारखं आहे.

‘अंगावर डाग आहे, पण त्याचा तापाशी काय संबंध?’

स्क्रब टायफसमध्ये बऱ्याचदा तोच डाग निदान करून देतो. गवतात, झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक माइटची अळी चावते. चावताना दुखत नाही. काही दिवसांनी तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ही खपली नेमकी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनाखाली असते. तिथे डॉक्टर पाहत नाहीत आणि रुग्ण दाखवत नाही. सगळ्यांच्याच अंगावर ती दिसते असंही नाही. २०१८मध्ये नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली, तेव्हा महाराष्ट्राने त्याची गंभीर दखल घेतली. अत्यवस्थ रुग्णांसाठी भारतातल्याच रुग्णालयांत सुमारे ८०० जणांवर चाचणी झाली. डॉक्सिसायक्लिन आणि अॅझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र दिली, तर कोणतंही एकच औषध देण्यापेक्षा ती जास्त उपयोगी पडतात, हे २०२३मध्ये त्यातून पुढे आलं.

आणि हो, ‘विडाल पॉझिटिव्ह’ म्हणजे टायफॉइडच, हेही खरं नाही. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा भलत्याच तापातही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खात्री रक्ताच्या कल्चरने होते. विडालवर विसंबून टायफॉइडची औषधं घेत राहिल्याने लेप्टोचे किती रुग्ण हातचे गेले असतील, कोण जाणे.

‘प्लेटलेट्स उतरल्या, लवकर चढवा’

डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्यामुळे. रक्त दाट होतं, रक्तदाब पडतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेट्सच्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा), नाडी आणि लघवीवर ठेवतात. सिंगापूर आणि मलेशियात प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून खाली गेलेल्या ३७२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोठा रक्तस्राव नसताना केवळ आकड्यासाठी प्लेटलेट्स दिल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांची कीर्ती सोप्या कारणाने वाढते. बहुतेक रुग्णांच्या प्लेटलेट्स आठवडाभरानंतर आपोआप वर येतात आणि त्या दिवशी जे प्यायलेलं असतं त्याला श्रेय मिळतं.

‘ताप उतरला, आता धोका टळला’ हे तर उलटंच. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतानाच झिरपणं सुरू होतं. तेव्हा पोटात जोरात दुखू लागलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस सुस्तावला, तर थेट रुग्णालयात न्यावं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन टाळावं, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल चालतं.

धूरफवारणीची गाडी आली की सोसायटीला हायसं वाटतं. धुराने मरतात ते उडते डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी राहू शकतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप नुसतं ओतून चालत नाही, आतून घासावं लागतं, तेही आठवड्यातून एकदा. शिवाय हा डास गटारापेक्षा फ्रीजमागच्या ट्रेतलं, कुंडीखालच्या ताटलीतलं स्वच्छ पाणी पसंत करतो. तो दिवसा चावतो आणि सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जात नाही. पलीकडच्या नाल्यावर खापर फोडण्याआधी आपलीच गच्ची तपासावी.

‘हे आजार आता नव्याने आले’

डेंग्यूच्याच डासाने पसरणारा चिकनगुनिया १९७३मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेला होता. नंतर तो जवळपास तीन दशकं गप्प राहिला आणि २००५-०६मध्ये परतला. झिका महाराष्ट्रात पहिल्यांदा सापडला तो जुलै २०२१मध्ये, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. पण पुण्यातल्या आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची सुरुवात १९५२मध्ये झाली, त्या काळच्या एका पाहणीत भारतीयांच्या १९६ रक्तनमुन्यांपैकी ३३ मध्ये झिकाविरोधी प्रतिपिंडं आढळली होती. डेंग्यूसारख्या नातेवाईक विषाणूंमुळे असा निकाल फसवा असू शकतो, तरी ‘परवाच विमानाने आला’ असं म्हणण्यापूर्वी हे माहीत असावं.

‘लस पुण्यात बनते, मग आपल्याला का नाही?’

हिंजवडीच्या जेनोव्हाने देशातली पहिली एमआरएनए कोविड लस बनवली. जून २०२२मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. त्यामुळे इथे लस बनवण्याचं ज्ञान नाही, असं कुणी म्हणणार नाही. सीरम इन्स्टिट्यूटच्या आर२१ या मलेरियाच्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये शिफारस केली. पण ती फाल्सिपेरम मलेरियावर, मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आढळणाऱ्या वायवॅक्सवर तिचा उपयोग नाही.

डेंग्यूची लस रेंगाळण्यामागे कारण आहे. या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एकाविरुद्धची अर्धवट प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराची लागण अधिक गंभीर करू शकते. फिलिपिन्समध्ये २०१६पासून शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता, त्यांना पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो हे लक्षात आल्यावर २०१७च्या अखेरीस मोहीम थांबवावी लागली. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआरच्या ‘डेंगीऑल’ या लसीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी १४ ऑगस्ट २०२४ला रोहतकमध्ये सुरू झाली. १०,३३५ प्रौढ स्वयंसेवक, एकच डोस आणि दोन वर्षांचा पाठपुरावा असा तिचा आराखडा आहे. दोन वर्षं अशासाठी, की एरवी आपण ज्यांना टाळतो ते एडिस डास या स्वयंसेवकांना निदान दोन पावसाळे चावायला हवेत.