दिवाळीचं सेटिंग, वैशाखाचं ऊन

मेमरी क्लॉकचं पुढच्या आठवड्यात. वलगावहून एका वाचकाचा प्रश्न आलाय, तो आधी घेतलाच पाहिजे. ते लग्नांचे व्हिडिओ एडिट करतात. आरटीएक्स ४०९० वर त्यांनी दिवाळीत बसवलेला ऑफसेट हिवाळाभर बिनतक्रार चालला आणि आता ऐन लगीनसराईत रेंडर अर्ध्यावर तुटतो. "तेव्हा चालत होतं, मंग आता काहून बंद पडते?"

कार्डाचे पंखे हवा थंड करत नाहीत, खोलीत आहे तीच हवा हीटसिंकमधून ओढतात. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना चिप ६२ वर राहिली, तर मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४० ला पोचल्यावर ती ८० ओलांडणारच. तापलेला ट्रान्झिस्टर तेवढ्याच व्होल्टेजवर मंदावतो. वर गळतीचा करंट वाढतो, म्हणजे त्याच कामाला जास्त वॅट लागतात. जीपीयू बूस्ट हे ओळखून क्लॉक १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतं. पण ते कंपनीने राखलेल्या मोकळिकीच्या हिशेबाने, आणि ती मोकळीक आपल्या ऑफसेटने आधीच खाल्लेली असते.

म्हणून माझं ठाम मत: अमरावती-अकोल्याकडे कार्ड ट्यून करायचं तर मे महिन्यात, दुपारी दोन ते चार. त्या वेळी जे टिकेल ते वर्षभर टिकेल.

शिवाय आपल्याकडे खरा फायदा व्होल्टेज उतरवण्यात आहे. वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते. १.०५ वरून ०.९५ व्होल्टवर आलात, तर त्याच क्लॉकला चिपचा मुख्य खर्च सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल-एफ दाबा, ०.९५ चा ठिपका २६०० मेगाहर्ट्झवर न्या आणि त्यापुढची रेघ सपाट करा. कंपनीचा जाहीर बूस्ट २५२० आहे, म्हणजे तरीही आपण वरच. ४५० वॅटच्या कार्डाने खोलीत ओतलेली उष्णता तेच कार्ड पुन्हा ओढतं, हे एडिटिंगच्या छोट्या खोलीत विसरून चालत नाही.

आता कूलर. वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा, हे आपलं भाग्य. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगल्या कूलरची हवा तिशीच्या आत येते. समोरची खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर ओल खोलीतच कोंडते आणि कूलर निकामी होतो. कॅबिनेट थेट झोतात ठेवू नका. बोअरच्या जड पाण्याचे बारीक तुषार उडतात आणि वाळल्यावर क्षारांचा पांढरा थर सोडतात. तो पंख्याच्या पात्यांवर दिसतो, तसाच बोर्डाच्या पिनांवरही बसतो आणि दमट हवेत वीज वाहू देतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंच ठेवा. जाळी दर पंधरवड्याला काढून झाडा. काळ्या मातीची धूळ पिठासारखी चिकटते.

वलगावकरांनी आधी ऑफसेट शून्यावर आणून एक पूर्ण लग्न रेंडर करावं. तेही तुटलं, तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. मग पॉवर सप्लाय आणि १२ व्होल्टचा कनेक्टर पाहायचा.