मोटारीतील बॅटरीची जागा

मोटारीचे एंजिन एकदा सुरू झाले, म्हणजे ते पेट्रोल जाळून स्वतःच्या बळावर फिरत राहते. परंतु थंड पडलेल्या एंजिनाला पहिले काही फेरे दुसऱ्या कोणीतरी द्यावेच लागतात. मोटारींच्या आरंभीच्या काळात हे काम माणूस करीत असे. एंजिनाच्या पुढील टोकास लोखंडी हँडल अडकवून ते जोराने फिरवावे लागे. कधी कधी एंजिन एकाएकी उलट दिशेने फिरे व हँडल उसळून फिरविणाऱ्याचे मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने या कामासाठी विजेवर चालणाऱ्या यंत्राची योजना केली आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत ते बसविण्यात आले. या यंत्राला स्टार्टर म्हणतात. स्टार्टर आला आणि हँडल हळूहळू मागे पडले. पण त्या स्टार्टरला वीज पुरविणारी बॅटरी मोटारीत कायमची राहावयास आली, आणि तिच्याबरोबर तिचे ओझेही आले.

ही बॅटरी बहुधा शिशाची असते. वीज संपल्यावर पुन्हा भरता येईल असा शिशाचा घट फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये तयार केला. मोटारीच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो, म्हणून साऱ्या पेटीचा १२ व्होल्ट भरतो. घटात शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. शिसे पाण्याच्या अकरा पटींहूनही जड आहे. त्यामुळे दोन-चार जाड पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढी दिसणारी ही पेटी उचलू गेल्यास पंधरा किलोग्रॅमच्या आसपास भरते.

हे ओझे मोटारीत ठेवावे कोठे? पुष्कळशा मोटारींत बॅटरी एंजिनाच्या शेजारीच असते. स्टार्टर एंजिनालाच जोडलेला असतो, तेव्हा बॅटरी जवळ असली की तार आखूड पुरते. ही सोय मोठी आहे. मात्र पुढच्या बाजूस एंजिन असलेल्या मोटारीत पुढील चाकांवर आधीच फार भार असतो, त्यात बॅटरीची भर पडते.

भार कोठे आहे यावर गाडीची चाल किती अवलंबून असते, हे बैलगाडी हाकणारा उत्तम जाणतो. ओझे पुढे फार झाले, तर जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे फार झाले, तर गाडी उलाळ होते. मोटारीला बैल नसले, तरी न्याय तोच. धावत्या मोटारीला ब्रेक लावला, की तिचा भार पुढे झुकतो व मागील चाके हलकी होतात. ती मुळातच हलकी असतील, तर ब्रेकच्या दाबाने फिरायची थांबून रस्त्यावर घसरू लागतात, आणि मोटारीची मागची बाजू भलतीकडेच वळते.

इंग्लंडमध्ये १९५९ साली मिनी नावाची चिमुकली मोटार निघाली, तिच्या रचनेत हाच प्रश्न उभा राहिला होता. अ‍ॅलेक इसिगोनिस या रचनाकाराने अवघ्या तीन मीटर लांबीच्या मोटारीत चार माणसे बसविण्यासाठी एंजिन आडवे ठेवले, गिअरची पेटी त्याच्याखाली बसविली आणि पुढची चाकेच फिरती केली. जागा पुष्कळ वाचली, पण सारी जड यंत्रे नाकाशी गोळा झाली. प्रयोगासाठी केलेल्या मोटारींची मागील चाके ब्रेक लावताच घसरू लागली. तेव्हा मागील ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारी झडप बसविण्यात आली, आणि बॅटरी उचलून मागे सामानाच्या कप्प्यात, तळाच्या खळग्यात नेण्यात आली. कोठलेही नवे ओझे न वाढविता, आहे तेच ओझे उपयोगी पडेल अशा जागी ठेवण्याची ही युक्ती खरोखर चतुराईची होय.

पण बॅटरी मागे नेणे म्हणजे फक्त पेटी उचलून ठेवणे नव्हे. पहिली अडचण तारेची. घरातील पंख्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. मोटारीचा स्टार्टर मात्र फिरताना २०० अँपिअरपर्यंत प्रवाह सहज ओढतो. एवढा प्रवाह लांब तारेतून नेताना वाटेतच दाब खर्ची पडतो. तांब्याची तार ४ मीटर लांब व १६ चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर २०० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट तारेतच जातात. बारा व्होल्टांतून एवढी तूट आली, म्हणजे थंडीच्या सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो. तीच तार ५० चौरस मिलिमीटरची घेतली, तर तूट ०.३ व्होल्टांच्या आत येते. परंतु मग नुसते तांबेच १.८ किलोग्रॅम भरते. भार कमी करावयास निघालेल्या माणसाने हा हिशेब आधी मांडलेला बरा.

ही तार आसनांखालून व पत्र्याच्या भोकांतून जाते. भोकाच्या धारेवर घासून तिचे आवरण कापले गेले व आतील तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरीतील सारी शक्ती त्या एका ठिकाणी लोटते आणि आग लागते. म्हणून भोकांना रबरी कडी बसवितात, आणि बॅटरीच्या अगदी जवळ तारेत फ्यूज घालतात. फ्यूज तारेच्या दुसऱ्या टोकाला घालून उपयोग नाही, कारण मधल्या साऱ्या तारेला मग रक्षणच उरत नाही. बारा व्होल्टांनी माणसाला झटका बसत नाही, हे खरे. पण त्यावरून ही वीज निरुपद्रवी समजणे चुकीचे आहे. बॅटरीच्या दोन्ही अग्रांना एकदम टेकलेला लोखंडी पान्हा पाहता पाहता तापून लाल होतो.

जर्मनीतील फोक्सवॅगन बीटल या मोटारीत बॅटरी मागील आसनाखाली असे. तेथे तिच्या अग्रांवर झाकण घालणे अत्यावश्यक होते. झाकण नसताना वजनदार माणूस आसनावर बसला, तर आसनातील पोलादी स्प्रिंगा दबून अग्रांना टेकत आणि आसन पेट घेऊ शके.

दुसरी अडचण वायूची. शिशाची बॅटरी भरत असताना तिच्यातून थोडा हायड्रोजन निघतो. हवेत शेकडा चार भाग हायड्रोजन मिसळला, की एक ठिणगी स्फोटाला पुरते. एंजिनाजवळ वारा खेळतो, तेथे हा वायू उडून जातो. बंद कप्प्यात तो कोंडतो. म्हणून मागे ठेवलेल्या बॅटरीला नळी जोडून तिचे टोक मोटारीबाहेर काढतात. १९८९ मध्ये जपानी माझदा कंपनीने काढलेल्या एमएक्स-५ या दोन आसनी मोटारीत बॅटरी मागील कप्प्यात होती. ती बंदिस्त जातीची होती; तिच्यातील आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असे, तरीही तिला वायूची नळी होतीच.

ओझे हलविण्याऐवजी ते कमीच केले तर? अलीकडच्या काळात लिथियमच्या बॅटरीमुळे हे शक्य झाले आहे. पोर्शे या जर्मन कंपनीने २००९ च्या अखेरीस आपल्या काही चपळ मोटारींसाठी अशी बॅटरी जाहीर केली. तिचे वजन सहा किलोग्रॅमहून कमी, म्हणजे शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोग्रॅमहून अधिक उणे होते. लांबी-रुंदी जुनीच ठेवली होती. त्यामुळे तीच बैठक व तेच खिळे चालत. परंतु गोठणबिंदूच्या खाली एंजिन सुरू करण्याची तिची शक्ती मंदावे. म्हणून गिऱ्हाइकाला तिच्याबरोबर शिशाची एक साधी बॅटरीही दिली जाई! कडाक्याच्या थंडीत हलकी काढावी आणि जड बसवावी, अशी ती व्यवस्था होती.

हलकी बॅटरी घेऊन ती शिवाय मागे हलवावी काय? समजा, एका मोटारीचे वजन १००० किलोग्रॅम आहे. त्यांपैकी ६०० पुढील चाकांवर व ४०० मागील चाकांवर आहे. पुढच्या चाकांवरील १५ किलोग्रॅमची बॅटरी मागच्या चाकांवर नेली, तर वाटणी ५८५ व ४१५ होते. तिच्याऐवजी ५ किलोग्रॅमची बॅटरी मूळ जागीच बसविली, तर ५९० व ४०० राहतात आणि सारी मोटारच दहा किलोग्रॅमने हलकी होते. आता ही हलकी बॅटरी मागे न्यावयाची, तर पुढचे आणखी पाचच किलोग्रॅम उतरतात, आणि त्यांपायी दोनेक किलोग्रॅमची तार, फ्यूज, भोके व आगीचे भय पत्करावे लागते. शर्यतीची मोटार सोडली, तर हा सौदा सहसा आतबट्ट्याचाच ठरतो.

हलक्या बॅटरीची पेटी लहान असली, तर जुन्या मोठ्या बैठकीत ती सैल बसते. नुसत्या रबरी पट्ट्याने ती बांधणे धोक्याचे असते. टक्कर होऊन मोटार गुरुत्वत्वरणाच्या वीसपट वेगाने मंदावली, तर पाच किलोग्रॅमची बॅटरी १०० किलोग्रॅमच्या जोराने आणि पंधराची ३०० किलोग्रॅमच्या जोराने पुढे झेपावते. यासाठी चारी बाजूंची पोकळी कठीण ठोकळ्यांनी भरून काढतात, वरून धातूची पट्टी टाकतात व ती मोटारीच्या मजबूत पत्र्याला बोल्टांनी आवळतात. पट्टी अग्रांना लागू नये म्हणून तिच्यावर रबर चढवितात. लिथियमच्या बॅटरीला उष्णताही बाधते, तेव्हा एंजिनाच्या धुराच्या तप्त नळीपासून तिला दूर ठेवावे लागते.

तारा जोडताना धन अग्राची तार आधी व ऋण अग्राची सर्वांत शेवटी जोडतात. काढताना क्रम याच्या उलट असतो. बहुतेक मोटारींत सारा पत्रा ऋण अग्राला जोडलेला असतो. ऋण तार सुटी असताना धन अग्रावर चालणारा पान्हा चुकून पत्र्याला लागला, तरी ठिणगी पडत नाही. सर्व झाल्यावर कारागीर बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहतो. तिच्याबरोबर मोटार हलली पाहिजे. नुसती बॅटरीच हलली, तर पट्टी सोडवून पुन्हा बसवावी लागते.