उमेदवारीचा हंगाम

नवोदित फलंदाजाचे मोल कशावरून ठरवावयाचे? पुष्कळ रसिक त्याच्या धावांची बेरीज करतात. परंतु रणजी करंडकाची रचनाच अशी आहे की, धावा किती झाल्या याइतकेच त्या केव्हा झाल्या यालाही महत्त्व येते. गटातील सामन्यात झालेली हानी पुढे भरून काढता येते. बाद फेरीत ती सवलत नसते. तेथे सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावाची आघाडी निर्णायक ठरते. १९७४ साली बंगळूरच्या उपांत्य सामन्यात अशाच आघाडीच्या बळावर कर्नाटकाने मुंबईची सलग पंधरा विजेतेपदांची मालिका खंडित केली होती.

२०१३-१४ च्या हंगामात कर्नाटकाचा संघ विनयकुमारच्या नेतृत्वाखाली उतरला, तेव्हा १९९८-९९ नंतर करंडक बंगळूरला आलेला नव्हता. या संघात करुण नायर हा अगदी नवखा होता. गटातील अखेरचा सामना, उपांत्यपूर्व सामना आणि उपांत्य सामना या तिन्हींत त्याने ओळीने शतके काढली. म्हणजे जेथे चुकीला क्षमा नव्हती, नेमक्या तेथेच त्याची बॅट तळपली. हैदराबादच्या अंतिम सामन्यात गाठ पडली ती महाराष्ट्राशी. महाराष्ट्राच्या ३०५ धावांना कर्नाटकाने ५१५ धावांचे उत्तर दिले. त्यांत लोकेश राहुलच्या १३१ धावा होत्या. सात गडी राखून कर्नाटकाने करंडक जिंकला.

परंतु पहिल्या हंगामाची पुण्याई जन्मभर पुरत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नई येथे नायरने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा केल्या. तो त्याचा अवघा तिसरा कसोटी सामना. तरीही २०१७ नंतर आठ वर्षे तो कसोटी संघाबाहेर राहिला. पुढे कर्नाटकाच्या संघातही त्याला स्थान उरले नाही, तेव्हा २०२३ साली विदर्भाने त्याला जवळ केले.

२०२५ साली नागपूर येथे केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी बिकट झाली होती. नायरच्या जोडीस उभा होता पहिलाच रणजी हंगाम खेळणारा नागपूरचा दानिश मालेवार. दोघांनी २१५ धावांची भागी रचली. मालेवारच्या १५३, नायरच्या ८६. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. बंगळूरचा एके काळचा उमेदवार आता दुसऱ्याच्या उमेदवारीला आधार झाला होता.